नीरेकाठची घराणी आणि फ्रेंच बंदूक

पुण्याहून दिवेघाट चढून सासवडकडे निघाले की सोनोरीचा मल्हारगड दिसतो. पुढे जेजुरी, वाल्हे मागे टाकून, नीरा ओलांडून वाट लोणंदला येते. ज्ञानेश्वर माउलींची पालखी दरवर्षी याच वाटेने येते, नीरास्नान उरकून लोणंदच्या तळावर विसावते आणि मग तरडगाव, फलटणकडे वळते. दुसरी वाट लोणंदहून दक्षिणेला साल्प्याचा घाट चढते आणि वाठारवरून साताऱ्याकडे जाते. आज लोणंद ओळखले जाते ते कांद्याच्या बाजारामुळे आणि पालखीच्या मुक्कामामुळे. या नाक्याभोवतीच्या गावांची नावे अठराव्या शतकाच्या नकाशावर ठेवून पाहिली, तर मात्र एक वेगळाच इतिहास हाती लागतो.

नीरेकाठचे होळ हे होळकरांचे मूळ गाव. कोरेगाव तालुक्यातले कण्हेरखेड शिंद्यांचे. सोनोरीचे पानसे पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार. मल्हारगड त्यांनीच बांधला. आणखी दक्षिणेला उतरले की तासगाव, मिरज, सांगली ही पटवर्धनांची ठाणी. या चारही घराण्यांचा फ्रेंच बंदुकीशी आणि फ्रेंच कवाईतीशी संबंध आला. कोणी ती विकत घेतली, कोणी तिचे कारखाने घातले, कोणी तिच्यावर भरवसा ठेवायला नकार दिला, कोणी तिच्या तोंडी उभे राहून लढाई जिंकली. दीडदोन पिढ्यांच्या या व्यवहारातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. मराठ्यांना बंदूक कधी कमी पडली नाही. कमी पडला तो तिच्यामागचा दारूगोळा, आणि तो वेळेवर पोचवणारी, आपली म्हणता येईल अशी माणसे.

या व्यवहाराची सुरुवात शिवाजी महाराजांच्या काळात झाली. फ्रेंचांनी १६६८ साली सुरतेला वखार घातली आणि लवकरच राजापुरातही पाय रोवले. महाराजांनी सुरतेच्या फ्रेंच प्रमुखाकडून ८० तोफा आणि आपल्या साऱ्या बंदुकांना पुरेल इतके शिसे घेतल्याची नोंद रॉबर्ट ओर्म या इंग्रज इतिहासकाराने केली आहे. तोफांचा आकडा लगेच नजरेत भरतो, पण त्या नोंदीतले शिसेही तितकेच महत्त्वाचे आहे. दख्खनच्या पठारावर लोखंड वितळवणारे लोक होते, कोळसा होता, जुन्या गावठाणांच्या मातीतून थोडाफार सोराही काढता येई. शिसे आणि गंधक मात्र बहुतेक बंदरावरूनच यायचे. म्हणजे गोळी इथे ओतली तरी तिचे मूळ द्रव्य टोपीकरांच्या जहाजातून उतरायचे.

महाराजांच्या तालमीत वाढलेल्या रामचंद्रपंत अमात्यांना ही अडचण पुरती ठाऊक होती. आज्ञापत्रात त्यांनी टोपीकरांना किनाऱ्यावर जागा देण्याबाबत कडक इशारा दिला आहे, आणि गडावरच्या दारूखान्याची व्यवस्थाही बारकाईने सांगितली आहे. दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा, त्याभोवती दाट झाडी असावी, हवालदाराने ठरावीक दिवसांनी येऊन दारूला ऊन दाखवावे. सह्याद्रीच्या पावसाळ्यात सादळलेली दारू ही फितुरीइतकीच घातक ठरते, हे त्या पिढीने अनुभवाने शिकलेले होते.

या काळात मराठी शिपायाच्या खांद्यावर असायची ती तोड्याची बंदूक. सुताचा पीळ सोऱ्यात भिजवून केलेला तोडा सतत धुमसत ठेवायचा, चाप ओढला की तो रंजकावर टेकायचा आणि बार उडायचा. पावसात तोडा विझे, रात्री त्याची ठिणगी शत्रूला दिसे. नेमबाजाच्या हातात ही बंदूक चांगली होती; लांब नळीमुळे तिचा पल्लाही बरा होता. पण ती गावोगावच्या लोहारांनी घडवलेली. प्रत्येक नळीचे तोंड निराळे, म्हणून प्रत्येक शिपायाचा गोळीचा साचाही निराळा. शेजारच्याची गोळी आपल्या नळीत जाईलच याची शाश्वती नाही.

याच सुमारास युरोपात चकमकीची बंदूक सर्रास झाली होती. फ्रान्सने १७१७ साली आपल्या पायदळासाठी बंदुकीचा एकच सरकारी नमुना ठरवला. शार्लव्हिल, सेंट एटिएन आणि मोबूज इथल्या कारखान्यांतून तो घडू लागला. शार्लव्हिल या नावानेच ही बंदूक पुढे जगभर ओळखली गेली. तिच्या नळीचे तोंड साधारण साडेसतरा मिलिमीटर. इंग्रजांची बंदूक त्याहून रुंद, सुमारे १९ मिलिमीटरची. फ्रेंच बंदुकीची नळी लोखंडी पट्ट्यांनी दस्त्याला बांधलेली असे, त्यामुळे ती उलगडून साफ करणे सोपे जाई. १७६३ आणि १७७७ साली तिच्यात मोठ्या सुधारणा झाल्या. १७७७चा नमुना तर इतका पक्का ठरला की नेपोलियनच्या साऱ्या लढाया किरकोळ फेरफार केलेल्या त्याच बंदुकीवर झाल्या.

या बंदुकीची खरी ताकद होती कागदी काडतुसात. कागदाच्या नळकांड्यात मोजून भरलेली दारू आणि एक गोळी. शिपायाने दातांनी कागद फाडायचा, चिमूटभर दारू रंजकदाणीत टाकायची, उरलेली नळीत ओतायची, वरून गोळी आणि कागद सोडून गजाने ठासायचे. कवाईत झालेला शिपाई एका मिनिटात तीन बार काढी. नेम शंभर पावलांपलीकडे भरवशाचा नव्हता, पण तीन रांगांत उभ्या असलेल्या पलटणीला एकट्याच्या नेमाची गरजच नव्हती. साऱ्यांनी एकदम बार काढायचा, मग संगीन लावून चालून जायचे. यासाठी प्रत्येक बंदुकीचे तोंड सारखे हवे, प्रत्येक काडतूस सारखे हवे आणि प्रत्येक हाताची हालचालही सारखी हवी. कारखाना, दारूखाना आणि कवाईत या तिघांची मिळून ती एक बंदूक होती.

ही बंदूक मराठ्यांसमोर पहिल्यांदा पुऱ्या ताकदीने उभी राहिली ती १७५१ साली. निजामाच्या गादीवर सलाबतजंगाला बसवणारा मार्की द बुसी हा फ्रेंच सेनानी कवाइती पलटणी आणि हलक्या तोफा घेऊन पुण्याच्या रोखाने आला. त्या नोव्हेंबरातल्या चंद्रग्रहणाच्या रात्री कुकडीकाठच्या पेशव्यांच्या छावणीवर त्याने छापा घातला. नानासाहेब पेशव्यांची फौज विस्कळीत झाली. पुढे तह झाला आणि मराठ्यांचे राजकीय नुकसान फारसे झाले नाही. पण थोडक्या पायदळाच्या शिस्तबद्ध माऱ्याने हजारो स्वार कसे थोपतात, हे पुणे दरबाराने त्या मोहिमेत प्रत्यक्ष पाहिले.

त्यानंतर या पद्धतीचे शिपाई, म्हणजे गारदी, आपल्याकडे असावेत ही निकड सुरू झाली. आधी मुजफ्फरखान आला. मग बुसीच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी निजामाकडून फुटून सदाशिवरावभाऊंकडे आला. फेब्रुवारी १७६०मध्ये उदगीरला त्याच्या तोफांनी आणि पलटणींनी निजामाला नमवले, आणि भाऊंचा विश्वास बसला. उत्तरेच्या मोहिमेत मल्हारराव होळकरांनी मात्र वेगळा सल्ला दिला. जड तोफखाना आणि बुणगे मागे ठेवावेत, गनिमी काव्याने शत्रूची रसद तोडावी, असे नीरेकाठच्या या मुरलेल्या सरदाराचे मत होते. भाऊंनी ते मानले नाही.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर इब्राहिमखानाने आपले काम चोख बजावले. त्याच्या आठ-नऊ हजार गारद्यांनी डाव्या बगलेवर रोहिल्यांची फळी संगिनींनी फोडली. पण कवाइती पायदळ पुढे सरकले की त्याच्या दोन्ही बाजू स्वारांनी राखाव्या लागतात, आणि स्वार पुढे धावले की पायदळाच्या बंदुकांपुढे आपलीच माणसे येतात. गोलाची, म्हणजे पायदळ आणि तोफा एकत्र बांधून करायची लढाई आणि स्वारांची लढाई या दोन निराळ्या विद्या होत्या; त्या एकत्र बसवायला वेळ मिळाला नव्हता. इब्राहिमखान जखमी होऊन पकडला गेला आणि मारला गेला. गारदी बहुतेक जागीच पडले.

हे धाडस वाया गेले, तरी गारदी पद्धत टिकली. तिची काळी बाजूही पुण्याने पाहिली. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून करणारे सुमेरसिंग आणि त्याचे साथीदार गारदीच होते. पगार थकलेली, गावाशी नाते नसलेली, पैशावर आलेली पलटण किती धोक्याची असते, याचा याहून कठोर दाखला मराठ्यांच्या इतिहासात नाही.

दरम्यान दारूगोळा घरचा करण्याचे प्रयत्नही झाले. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत ओतूरजवळच्या आंबेगव्हाणला तोफगोळ्यांचा कारखाना निघाला; पुण्यातही काम सुरू झाले. पानशांकडे तोफखान्याचा कारभार होता. पण कच्च्या मालाची नाडी दुसऱ्याच्या हातात जात होती. प्लासीनंतर इंग्रज कंपनीने १७५८ साली बिहारच्या सोऱ्याचा मक्ता मिळवला. हिंदुस्थानातला उत्तम सोरा तिथलाच. युरोपातल्या लढायांची दारूसुद्धा त्याच मातीतून जात होती, आणि फ्रेंचांनाही त्याची टंचाई भासू लागली.

१७७७ साली शेव्हालिए सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच वकील चौलच्या बंदरात उतरला आणि पुण्याला आला. नाना फडणिसांनी त्याचे मानाने स्वागत केले. २५०० युरोपीय शिपाई, १० हजार देशी शिपायांना कवाईत आणि हवा तितका दारूगोळा देण्याची बोलणी त्याने केली. यातले काहीच आले नाही. फ्रेंच दरबाराने त्याला इतके अधिकार दिलेच नव्हते. इंग्रजांना मात्र धास्ती बसली आणि पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या कारणांत ही भेटही मोजली गेली. त्या युद्धात वडगावला, जानेवारी १७७९मध्ये, इंग्रजांना शरण आणले ते फ्रेंच मदतीने नव्हे. घाटातली रसद तोडून, विहिरी बुजवून, गवत जाळून मराठ्यांनी त्यांना कोंडले. मल्हाररावांनी पानिपतापूर्वी सांगितलेली विद्याच तिथे कामाला आली.

पटवर्धनांच्या फौजेतला दारूगोळ्याचा कारभार कसा होता, याचे प्रत्यक्ष वर्णन एडवर्ड मूर या मुंबई पलटणीतल्या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे. १७९०-९१ साली टिपूविरुद्धच्या मोहिमेत तासगावकर परशुरामभाऊंनी धारवाडच्या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा कॅप्टन लिटलची तुकडी त्यांच्या मदतीला होती. मूर सांगतो की मराठा गोलंदाज एक बार काढत, मग बसून गप्पा मारत, तंबाखू ओढत, आणि सावकाश दुसऱ्या बाराची तयारी करत. दुपारी काही वेळ दोन्हीकडचा मारा बंदच असे. त्याच्या लिहिण्यात तुच्छता आहे आणि ती वजा करूनच हे वर्णन वाचले पाहिजे. दारू कमी असली की गोलंदाज सावकाशच बार काढणार. वेढा सहा महिन्यांहून जास्त रेंगाळला आणि किल्ला अखेरीस हल्ल्याने नव्हे, वाटाघाटीने हाती आला. भाऊंच्या फौजेत शौर्याची उणीव नव्हती; रोज ठरावीक दारू, ठरावीक गोळे पोचवणारी यंत्रणा नव्हती.

ही यंत्रणा उभी केली कण्हेरखेडच्या महादजी शिंद्यांनी. १७८४ साली त्यांनी बनुआ द ब्वान्य या सव्हॉय प्रांतातल्या माणसाला नोकरीत घेतले. त्याने लष्करी शिक्षण फ्रेंच सैन्यात घेतले होते. दोन पलटणींपासून सुरू झालेले हे काम काही वर्षांत कंपूंपर्यंत, म्हणजे अनेक पलटणींच्या ब्रिगेडांपर्यंत वाढले. १७९० साली राजस्थानातल्या पाटण आणि मेडता इथल्या लढायांत या कंपूंनी राजपूत स्वारांना हरवले. द ब्वान्यचे वेगळेपण असे की त्याने बंदुकीआधी तिच्या पुरवठ्याचा विचार केला. आग्ऱ्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराने तोफा ओतण्याचा आणि बंदुका घडवण्याचा कारखाना चालवला. युरोपीय बंदुकीच्या तोडीची बंदूक तिथे १० रुपयांत तयार होत असे. शिपायांचा पगार वेळेवर व्हावा म्हणून दोआबातला मुलूख कंपूंच्या खर्चाला तोडून दिला होता. जखमींना भरपाई मिळे. नळी, काडतूस आणि पगार ही तिन्ही चाके प्रथमच एका लयीत फिरू लागली.

होळकरांनीही मग आपला कवाइती कंपू उभारला. तुकोजी होळकरांनी द्युद्रनेक या फ्रेंच अधिकाऱ्याला ठेवले. १ जून १७९३ रोजी राजस्थानात लाखेरीला शिंदे आणि होळकर समोरासमोर आले. लढाईच्या आरंभीच एक गोळा द ब्वान्यच्या दारूच्या गाड्यांवर पडला आणि एकामागून एक गाड्या उडाल्या. तरीही द ब्वान्यने पलटणी सावरल्या. होळकरांचा नवा कंपू जवळपास पुरता कापला गेला. नीरेकाठच्या होळचे आणि कोरेगावाकडच्या कण्हेरखेडचे, मुळात एका दिवसाच्या वाटेवरचे हे दोन शेजारी. आणि त्यांनी पैसा, कारागीर, दारू ओतून उभारलेल्या पलटणी एकमेकींवर रिकाम्या झाल्या. मराठेशाहीच्या इतिहासातल्या सर्वांत वेदनादायक दिवसांत लाखेरीचा दिवस धरलाच पाहिजे.

दोनच वर्षांनी, ११ मार्च १७९५ रोजी, खर्ड्याला परशुरामभाऊ पटवर्धनांच्या नेतृत्वाखाली सारे मराठे सरदार शेवटचे एकत्र आले. समोर निजामाची फौज, आणि तिचा कणा म्हणजे मिशेल रेमाँ या फ्रेंच सेनानीच्या पलटणी. रेमाँने हैदराबादला तोफा ओतण्याचा कारखाना काढला होता. मराठ्यांच्या बाजूने महादजींचे वारस दौलतराव शिंदे यांच्या पलटणी घेऊन पेराँ हा दुसरा फ्रेंच उभा होता. दोन्ही बाजूंनी फ्रेंच कवाईत, दोन्ही बाजूंनी एकाच पद्धतीची काडतुसे. निजाम घाबरून खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला आणि तहाला तयार झाला. विजय मोठा होता, पण रेमाँच्या शिस्तबद्ध पलटणी मोडल्या त्या गोळ्यांनी नव्हे. त्यांचा धनीच रण सोडून गेला, म्हणून त्यांना मागे हटावे लागले. तीन वर्षांनी, ऑक्टोबर १७९८मध्ये, इंग्रजांनी हैदराबादेत त्याच पलटणींची शस्त्रे एकही मोठी लढाई न करता ठेवून घेतली. रेमाँ त्याआधीच मरण पावला होता, पगार थकले होते आणि धन्याने इंग्रजांशी करार केला होता.

शिंद्यांच्या कंपूंचे १८०३ साली जवळपास तेच झाले. द ब्वान्य युरोपला परतला होता आणि पेराँकडे सारी सूत्रे होती. दुसरे इंग्रज-मराठा युद्ध सुरू होताच इंग्रजांनी जाहीरनामा काढून शिंद्यांच्या नोकरीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना नोकरी सोडल्यास पेन्शनची हमी दिली. अनेकजण निघून गेले. ४ सप्टेंबरला अलीगढ पडले आणि त्याच आठवड्यात पेराँने इंग्रजांकडे आश्रय घेतला. पलटणी मात्र लढल्या. २३ सप्टेंबरला असईला शिंद्यांच्या तोफखान्याने इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची एका बाजूची गोरी पायदळ तुकडी निम्म्याहून अधिक कापून काढली. इंग्रजांकडचे मेलेले आणि जखमी मिळून दीड हजारांवर गेले. तिथे हाती आलेल्या ९८ तोफांतल्या पितळी तोफा वेलस्लीने उत्तम ठरवल्या. नोव्हेंबरात लासवारीला कोणीही बडा युरोपीय सेनापती नसताना शिंद्यांचे शिपाई तोफांजवळ उभे राहून मेले. लॉर्ड लेकने त्यांच्या शौर्याची मोकळेपणी तारीफ केली.

असई आणि लासवारीच्या शिपायांना दोष देता येत नाही. बंदूक चांगली होती, तोफ चांगली होती, गोलंदाज जिवावर उदार होते. त्यांना हुकूम देणारे परके होते आणि परक्यांच्या जागी बसतील असे मराठी अधिकारी कोणी तयारच केले नव्हते. वीस वर्षांच्या कंपूच्या कारकिर्दीत मराठी मुलांना तोफखान्याचे गणित, दारूचे प्रमाण, पलटणीचा हिशेब शिकवणारी एकही शाळा निघाली नाही. पुण्यात नाही, उज्जैनीत नाही, साताऱ्यात नाही. डिसेंबर १८०३च्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने शिंद्यांना फ्रेंच माणसे ठेवण्यास बंदी झाली आणि हा अध्याय मिटला.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईत पेशव्यांच्या बाजूने द पिंटो या पोर्तुगीज अधिकाऱ्याची एक कवाइती पलटण उतरली होती. तीही मोडली. पेशवे दुसरे बाजीराव साताऱ्याच्या दिशेने निघाले आणि जनरल स्मिथची फौज साल्प्याच्या घाटाने त्यांच्या मागे गेली. शंभर वर्षांपूर्वी ज्या वाटेने शिंदे-होळकर दिल्ली जिंकायला बाहेर पडले, त्याच मुलुखातून इंग्रजी पलटण साताऱ्याकडे चढली.

फ्रेंच बंदुकीचा मराठी मुलुखाशी संबंध इथेच संपला असता, पण पुढच्या वेळी ती गोळीच्या रूपाने आली. १८४९ साली क्लोद एटिएन मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याने एक लांबट गोळी तयार केली. तिच्या बुडाला पोकळी होती. बार उडाला की वायूच्या दाबाने ते बूड फुगे आणि नळीत पाडलेल्या आट्यांना घट्ट बसे. ठासताना सैल आणि सुटताना घट्ट, अशा या गोळीने ठासणीच्या बंदुकीचा भरवशाचा पल्ला शंभर पावलांवरून कितीतरी पुढे नेला. इंग्रज सरकारने मिनिएला २० हजार पौंड दिले आणि त्याच तत्त्वावर १८५३ सालची एन्फील्ड बंदूक काढली. आट्यांत गोळी सरकावी म्हणून तिच्या काडतुसाच्या कागदाला चरबी लावलेली असे. कागद मात्र पूर्वीसारखाच दातांनी फाडायचा. पुढे काय घडले ते हिंदुस्थान जाणतो.

उठावाच्या त्या वर्षात, १८५७ साली, ३१ जुलैला कोल्हापुरात २७वी देशी पलटण उठली. साताऱ्यात रंगो बापूजी गुप्ते यांचा कट फुटला. छत्रपती प्रतापसिंहांना न्याय मिळावा म्हणून लंडनमध्ये १४ वर्षे झगडलेला हा माणूस निसटला, पण त्याचा मुलगा आणि इतर सोळाजणांना ८ सप्टेंबरला साताऱ्याच्या गेंडामाळावर मृत्युदंड दिला गेला. कोणाला फाशी, कोणाला गोळ्या, कोणाला तोफेच्या तोंडी. साताऱ्याच्या उठावामागे काडतूस नव्हते, १८४८ साली खालसा झालेले राज्य होते. तरी देशभरच्या असंतोषाला पेट देणाऱ्या ठिणगीत एका फ्रेंच गोळीची कल्पना होती, हे विसरता येत नाही.

या उठावानंतर दारूगोळा कोणाच्या हाती असावा याबद्दल इंग्रजांच्या मनात शंका उरली नाही. १८६९ साली खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला. पेशव्यांची फौज जिथे मोडली त्याच शिवारात बंदुकीची काडतुसे तयार होऊ लागली. पुढच्या पिढ्यांत पुणे आणि भोवतालच्या तालुक्यांतली माणसे तिथे कामाला लागली. मोजमाप, साचे, दारूचे वजन, तपासणी ही विद्या मराठी हातांत आली ती अशी, दुसऱ्याच्या राज्यात आणि दुसऱ्याच्या लढायांसाठी.

त्याच काळात फ्रान्सने बंदुकीचे रूप आणखी पालटले. १८६६ची शास्पो बंदूक मागून भरायची, पण तिचे काडतूस अजून कागदी होते. १८७४च्या ग्रास बंदुकीने धातूचे काडतूस आणले. मग पॉल व्हिएय या रसायनतज्ज्ञाने १८८४ साली बिनधुराची दारू शोधली आणि दोन वर्षांत लेबेल बंदूक फ्रेंच सैन्याच्या हातात आली. पूर्वीच्या ११ मिलिमीटरच्या जागी ८ मिलिमीटरची लहान गोळी, पण तिचा वेग आणि पल्ला दोन्ही वाढलेले. आणि बार काढल्यावर धुराचा लोट नाही, त्यामुळे शिपाई कुठे दडला आहे ते शत्रूला कळत नाही. शतकानुशतके वापरात असलेली काळी दारू काही वर्षांत जुनी ठरली. जर्मनी, रशिया, इंग्लंड सगळे फ्रान्सच्या मागे धावले. इंग्रजांनी कॉर्डाइट नावाची आपली बिनधुराची दारू काढली आणि थ्री-नॉट-थ्री बंदूक तिच्यावर चालवली.

१८८०च्या दशकात लोणंदवरून रेल्वेमार्ग गेला आणि सातारा, सांगलीकडच्या गावांतली मुले पलटणीत भरती होऊन याच रुळांवरून पुण्याला जाऊ लागली. १९१४ साली पहिल्या महायुद्धासाठी हिंदी सैन्य फ्रान्समधल्या मार्सेच्या बंदरात उतरले तेव्हा शिपायांच्या हातातल्या जुन्या बंदुका काढून घेऊन नव्या आणि नवी काडतुसे देण्यात आली. त्या सैन्यात खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या तुकड्याही होत्या. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यव्ह शापेल इथे सॅपर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्यांनी शिखांच्या बरोबरीने हल्ला केला आणि आपले बहुतेक अधिकारी गमावले. सातारा तालुक्यातल्या अपशिंगे गावाने त्या महायुद्धात ४६ माणसे गमावली. गावाच्या नावाला मिलिटरी हा शब्द तेव्हापासून कायमचा जोडला गेला.

१४ जुलै २००९ रोजी पॅरिसच्या शाँझेलिझेवर फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनाच्या संचलनात भारतीय तुकडी सर्वांत पुढे होती, आणि तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते. १७६८ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या पलटणीपासून आपली परंपरा मोजणारी ही रेजिमेंट. तिची भरती आजही सातारा, सांगली, कोल्हापूरच्या गावांतून होते, आणि तिचे अधिकारी भारतीय लष्करी प्रबोधिनीतून तयार होतात. तिच्या काडतुसांचे कारखाने खडकीत आणि भुसावळजवळच्या वरणगावात आहेत. मराठ्यांना ज्या दोन गोष्टी कमी पडल्या, त्या दोन्ही आता इथल्याच माणसांच्या हाती आहेत.

पेशवे दफ्तरात तोफखान्याचे आणि दारूखान्याचे मोडी हिशेब अजून आहेत. लढायांची पत्रे अनेकांनी वाचली, छापली. शिसे कोठून आले, सोऱ्याला काय भाव पडला, गोलंदाजाचा पगार किती महिने थकला, हे सांगणाऱ्या कागदांकडे त्यामानाने थोडेच अभ्यासक वळले. मोडी वाचू शकणाऱ्या सातारा-सांगलीच्या तरुणांनी त्या कागदांचे रुमाल सोडावेत. पानिपत आणि असई यांची उत्तरे सेनापतींच्या पत्रांइतकीच त्या हिशेबांतही आहेत.